केम्प्टेनच्या गायीला मुकुट घातलाय, हा त्यांचा पोळा आहे का?

औशाची_काकू
लेक जर्मनीत केम्प्टेनला नर्स आहे. काल तिनं फोटो पाठवला. गायीच्या डोक्यावर फुलापाल्याचा उंच मुकुट, मधोमध आरसा, गळ्यात घागरीएवढी घंटा. ह्यांनी बघितलं अन् म्हणले, “तिकडंबी पोळा हाय की!” पण आपला पोळा तर कवाच झाला. वॉर्डातली मैत्रीण तिला शनिवारी असंच बघायला दुसऱ्या गावी नेणार म्हणायली. पूजा-बिजा असते का? हातात काय न्यावं? आमचं घर माळकरी, खायला काही मिळंल का? तिथं राहिलेल्यांनीच सांगा, गूगलचं नको.

परभणीकर_आल्गॉय
काकू, हा पोळा नव्हे. ह्याला फीशाइड म्हणतात. आल्गॉय म्हणजे केम्प्टेनच्या आसपासचा डोंगराळ भाग, तिथले शेतकरी उन्हाळ्यात साधारण शंभर दिवस आपल्या कालवडी डोंगरावरच्या कुरणात राखणदाराच्या हवाली करतात. एका कळपात अनेक घरांची जनावरं असतात. सप्टेंबरात, थंडी वाढायच्या आत, कळप खाली उतरतो आणि गावच्या मैदानात ज्याची त्याला वाटून देतात. बाड हिंडेलांगला हे 11 सप्टेंबरला असतं. बाकी गावांच्या तारखा वेगळ्या.

मुकुट सगळ्यांना नसतो, पुढं चालणाऱ्या एकाच जनावराला. तोही उन्हाळाभर वर एकही जनावर दगावलं नसेल तरच. एखादं कड्यावरून घसरलं, एखाद्यावर वीज पडली, की त्या वर्षी मुकुट नाही. त्यामुळं कळप वळणावर दिसला की माणसं आधी पुढच्या जनावराचं डोकं बघतात. राखणदारानं काम कसं केलं हे कुणाला विचारावं लागत नाही. मला हे लई आवडतं. आपल्याकडं मानाचा बैल कुणाचा यावरून वेशीतच भांडणं लागतात (आमच्या गावात तर पोलीस बोलवावे लागले होते). इथं मान मालकाचा नाही, राखणदाराचा.

बीडचा_बाप्या
कालवडी त्या, कधी औताला जुंपल्यात का? खांदेमळणी नाही, झूल नाही, पुरणाचा घास नाही. पोळ्याच्या जवळचं बघायचं असंल तर 6 नोव्हेंबरला बाड ट्योल्झला जावं. संत लेओनहार्ड हा जनावरांचा रक्षणकर्ता, त्याचा तो दिवस. चार-चार घोडे जुंपलेल्या सजवलेल्या गाड्या टेकडीवरच्या देवळाकडं चढतात, पाद्री घोड्यांना आशीर्वाद देतो. राबणाऱ्या जनावराचा सण तो.

परभणीकर_आल्गॉय
ते मान्य, पण काकूंनी शनिवारचं विचारलंय. पूजा नसते, काही न्यायचीही गरज नाही. कळप सकाळीच येतात, लवकर निघावं. रस्ताभर शेण असतं, तेव्हा जुने बूट घालू द्या. लेकरं पांढरे बूट घालून येतात अन् दिवसभर टिश्यूनं पुसत बसतात. नंतर मंडपात बँड आणि लिटर-लिटरचे बीअरचे मग.

खाण्याचं अवघड आहे. मैत्रीण म्हणेल, केझश्पेट्झले खा, त्यात मांस नसतं. चीज अन् तळलेला कांदा घातलेले पिठाचे बारीक तुकडे असतात ते, चवीला झकास, पण पिठात अंडं असतं. डोंगरावरचं चीज घट्ट करायलाही बहुधा वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. माळकऱ्यानं डबाच न्यावा.

औशाची_काकू
बरं झालं सांगितलं, लेक चीज रोजच खायली! परवाच्या पार्सलात ज्वारीचं पीठ धाडलंय, धपाटे करून ने म्हणते. नोव्हेंबरची सुट्टी मिळते का तेबी विचारते. अन् ह्यांचं एकच राहिलंय. आमची देवणी दोन्ही वेळचं मिळून पाच लिटरवर जात नाही. ती मुकुटवाली किती देती?

परभणीकर_आल्गॉय
काकांना म्हणावं, ती अजून व्यायचीय. व्याल्यावर इथली ब्राऊनफी जातीची गाय दिवसाला 20 लिटर सहज देते.

बीडचा_बाप्या
आता काका व्हिसा काढतेत बघा.