‘उपोषण’, ‘उपास’ की ‘व्रत’? मूसच्या कातड्याच्या चौकोनाविषयी

प्रश्न : कॅनडातील ‘मूस हाइड कॅम्पेन’ (मूसच्या कातड्याची मोहीम; मूस म्हणजे हरणाच्या कुळातला मोठा प्राणी) याविषयी लिहीत आहे. 2011 साली पॉल लासर्ट आणि त्यांची कन्या रेव्हन ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील आपल्या कॅरियर या आदिवासी समाजाच्या भूमीत मूसच्या शिकारीला गेले होते. प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रुपर्ट हा सुमारे 720 किलोमीटरचा रस्ता तेथूनच जातो. त्याच्या आसपास अनेक आदिवासी स्त्रिया बेपत्ता झाल्या किंवा मारल्या गेल्या, म्हणून तो ‘अश्रूंचा महामार्ग’ म्हणून ओळखला जातो. मिळालेल्या कातड्याचे लहान चौकोन कापून पुरुषांनी ते छातीवर लावावेत, ही कल्पना त्यातून निघाली. चौकोन लावणारा पुरुष स्त्रिया व मुलांवरील हिंसेविरुद्ध उभे राहण्याचे वचन देतो, आणि मोहिमेच्या वार्षिक दिवशी अनेक जण सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी घेत नाहीत. याला ‘उपोषण’ म्हणावे का?

उत्तर 1 : ‘उपोषण’ टाळावे. आजच्या मराठीत माणूस उपोषणाला बसतो तो सरकारकडून किंवा मालकाकडून मागणी मान्य करून घेण्यासाठी. येथे पुरुषाची मागणी स्वतःकडेच आहे. ‘उपास’ जवळचा आहे, पण ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेत त्याबरोबर साबुदाण्याची खिचडीही येते, म्हणून मी ‘निर्जळी उपास’ लिहीन.

उत्तर 2 : त्या दिवसापुरते ‘निर्जळी उपास’ मान्य आहे, पण दिलेल्या वचनासाठी मला ‘व्रत’ हवे, कारण व्रत घेतल्यावर ते रोजच्या वागण्यात पाळावे लागते आणि मोडले तर त्याचा दोष आपल्याच माथी येतो. आपल्याकडे वटसावित्रीला बाईने नवऱ्याच्या आयुष्यासाठी उपास धरायचा असतो. बाईच्या जिवासाठी पुरुषाने व्रत घ्यावे, हे वाक्य मराठी वाचकाला थांबवील आणि त्याने थांबावे असेच मला वाटते. मात्र ‘स्त्रियांच्या रक्षणाचे व्रत’ असे कृपया लिहू नये. त्यामुळे धोका कुठल्या तरी परक्या माणसाकडून आहे असा समज होतो, आणि घरातला हात उगारणारा पुरुष वाक्यातून निसटतो. ‘हिंसा न करण्याचे आणि होत असताना गप्प न बसण्याचे व्रत’ हे लांबले तरी चालेल. चौकोनाला ‘बिल्ला’ही म्हणू नये, हमालाला किंवा रिक्षाचालकाला बिल्ला मिळतो तो कामाचा परवाना म्हणून. सरळ ‘कातड्याचा चौकोन’ लिहावे.