हेडरेस्ट उलटं लावलं आणि मान सुटली. यात चूक काय?

मांडवीकाठ

चार महिन्यांपूर्वी नवी गाडी घेतली. रोज म्हापसा ते वेर्णा आणि परत. पर्वरीत काम चाललेलं असल्यामुळे निम्मा वेळ गाडी उभीच, म्हणजे दिवसाचे दोन-अडीच तास त्या सीटवर जातात.

पहिल्याच आठवड्यात कळलं की हेडरेस्ट पुढे झुकलेलं आहे. पाठ टेकून बसलं की ते डोक्याला मागून रेटतं आणि हनुवटी छातीकडे जाते. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत मानेपासून दोन खांद्यांच्या मधोमध एक ओढ बसलेली असते. शोरूममध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, "सवय होईल." तीन महिने वाट पाहिली, सवय काही झाली नाही.

शेवटी मागच्या रविवारी हेडरेस्ट उपसलं, फिरवलं आणि उलटं बसवलं. आता ते मागे झुकतं. डोकं सरळ राहतं, मान दुखत नाही. घरात मात्र यावरून वाद पेटलाय. मेव्हणे म्हणतात हे धोक्याचं आहे. माझं मत सरळ आहे : दहा वर्षांत कधीतरी मागून धडक बसेल म्हणून रोजचे अडीच तास मान मोडून घेणं मला पटत नाही. गाडी माणसासाठी असते. पटत नसेल त्यांनी कारणासह लिहा.

झुआरीपार

कारण माझ्या मानेत आहे, म्हणून लिहितो.

२०१९ मधली गोष्ट. नवा झुआरी पूल व्हायचा होता, कुठ्ठाळीला जुन्या पुलाची रांग लागायची. मी त्या रांगेत उभा होतो, गिअर न्यूट्रल, पाय ब्रेकवर. मागून एक पिकअप आली. तिचा वेग फार नसावा, कारण माझ्या गाडीचा फक्त बंपर आणि डिकीचं दार गेलं. काच फुटली नाही, रक्त नाही. मी स्वतः गाडी चालवत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून डोकं उचलता येईना. गळ्यात पट्टा अकरा आठवडे होता, आणि आजही उजवीकडे मान पूर्ण वळत नाही.

माझं हेडरेस्ट तेव्हा पार खाली ढकललेलं होतं, कारण वर असलं की केसांना लागायचं. डॉक्टरांनी समजावलं ते असं : मागून धक्का बसतो तेव्हा सीट आपल्या धडाला पुढे ढकलते, पण डोकं जागच्या जागी राहतं. साडेचार-पाच किलोचं डोकं मागे राहिलं आणि खालचं शरीर पुढे गेलं की मानेला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक येतो. हे सगळं डोळ्यांची पापणी लवायच्या आत होतं, त्यामुळे "मी मान आवळून धरीन" म्हणणाऱ्याला तेवढा वेळच मिळत नाही. डोक्यामागे लगेच काहीतरी आधार असेल तर डोकंही धडाबरोबर पुढे येतं. तेवढ्यासाठीच ते तिथे असतं. आराम करायची उशी समजून आपण त्याच्याकडे पाहतो, तिथेच गफलत होते.

मांडवीकाठ, तुम्ही ते उलटं लावलंत म्हणजे डोकं आणि आधार यांच्यातलं अंतर वाढवलंत. आणि तुम्ही तर रोज पर्वरीला, मागून ठोकर बसण्याच्याच जागी, उभे असता.

काजूबाग

झुआरीपार, तुमच्या दुखण्याबद्दल खरंच वाईट वाटतं. पण मी मांडवीकाठ यांच्या बाजूने आहे.

मान अवघडलेला माणूस आरशात कमी बघतो आणि वळताना मागे वळून बघायचं टाळतो. पणजीच्या सर्कलवर बाजूने शिरणारी स्कूटर त्याला दिसत नाही. हाही धोकाच आहे, आणि तो रोजचा आहे.

दुसरं, ही मापं कुणाला बसवून काढतात? मागून बसणाऱ्या धडकेच्या चाचणीसाठी जो पुतळा सर्वांत जास्त वापरला गेला तो सरासरी पुरुषाच्या अंगकाठीचा आहे. माझी आई चार फूट अकरा इंच. तिच्यासाठी ते हेडरेस्ट म्हणजे डोक्यामागची भिंत आहे. सगळ्यांना एकच माप द्यायचं आणि बसलं नाही तर "सवय होईल" म्हणायचं, हे मला मान्य नाही. माझ्या गाडीतलं मी उलटं लावलंय आणि तसंच ठेवणार.

अबोली_काणकोण

काजूबाग, पुतळ्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर, पण त्यातून उलटा निष्कर्ष काढलात. मागून धडक बसल्यावर मानेची दुखापत बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होते, हे अपघातांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणजे तुमच्या आईला आधाराची गरज तुमच्यापेक्षा जास्त आहे. तो काढून कसा घेता?

आता माझी खरी तक्रार. मी शिक्षिका आहे, आठवड्यातून दोनदा काणकोणहून करमल घाट उतरून पणजीला येते. साडी, अंबाडा आणि सणावाराला त्यावर अबोलीचा वळेसर. अंबाडा हेडरेस्टला टेकला की डोकं तीन-चार बोटं पुढे जातं. म्हणजे मान पुढे वाकलेली, आणि वर डोक्यामागे पोकळी. दोन्हीकडून नुकसान. इतक्या बायका गाडी चालवतात, पण केस बांधलेली बाई सीटवर बसेल हा विचार कुणी केलेला दिसत नाही. मला याचा मनापासून राग येतो.

मी आता गाडीत बसताना केसांची सैल वेणी घालून ती खांद्यावरून पुढे घेते आणि शाळेच्या दारात अंबाडा बांधते. वळेसर डब्यात, ओल्या फडक्यात. मी का म्हणून हे करायचं, हा प्रश्न राहतोच. पण हेडरेस्ट मी फिरवलेलं नाही.

फोंडा_कुशन

मी फोंड्याला सीट कव्हर आणि कुशनचं काम करतो, बावीस वर्षं झाली. हेडरेस्टची तक्रार घेऊन दर आठवड्याला कोणी ना कोणी येतं, म्हणून जरा लांब लिहितो.

मांडवीकाठ दादा, आधी एक करा. उलटं लावलेलं हेडरेस्ट वर ओढा आणि तळव्याने जोरात खाली दाबा. बहुतेक गाड्यांत लॉकच्या खाचा एकाच दांड्याला आणि एकाच बाजूला असतात. उलटं लावलं की खाच बटणासमोर येत नाही, हेडरेस्ट नुसतं भोकात उभं राहतं. दाबलं की सर्रकन खाली. म्हणजे अंतर वाढलं ते वाढलंच, उंचीही गेली.

लोक माझ्याकडे तीन मागण्या घेऊन येतात. दांडे वाकवून द्या, आतला फोम कापून द्या, नाहीतर काढूनच टाका. दांडे मी वाकवत नाही. पोलादी नळीला गॅसकटरने लाल केलं की तिची ताकद जाते, आणि थंड वाकवली तर चिमटते. फोम कापून फारसं काही मिळत नाही, कारण आत पत्र्याचा किंवा सळईचा सांगाडा असतो. एक बोट फोम काढलात तर डोक्याला सांगाडाच लागेल.

मग करायचं काय? दोष बहुतेक वेळा हेडरेस्टचा नसतो, पाठीचा असतो. ही मापं सीटची पाठ सुमारे २५ अंश मागे कललेली धरून घेतलेली असतात. आपले लोक एसटीच्या बाकावर बसल्यासारखे ताठ बसतात. पाठ उभी केली की तिच्याबरोबर हेडरेस्टही पुढे येतं आणि डोक्याला रेटतं. म्हणून :

आधी ढुंगण सीटच्या कोपऱ्यापर्यंत मागे सरकवून बसा. मग पाठ एक खाच मागे घ्या, एकदम तीन नको. डोकं सरळ ठेवलंत की हेडरेस्ट आपोआप दूर जाईल. हात ताणले जात असतील तर सीट पुढे घ्या किंवा स्टिअरिंग आत-बाहेर होत असेल तर ते जवळ ओढा. त्यानंतर घरातला एक पंचा गुंडाळून कमरेच्या पोकळीत ठेवा. कंबर भरली की छाती उघडते, खांदे मागे जातात आणि मान आपली आपण सरळ होते. दहापैकी सातजण इथेच बरे होऊन परत जातात, मला शिलाईचा एक रुपया न देता.

राहिले तीन. त्यांच्यासाठी मी सीटच्या पाठीला, खांद्यांच्या उंचीवर मधोमध, अर्धा-पाऊण इंचाची गादी शिवून देतो. धड तेवढं पुढे येतं, हेडरेस्टला हात लावावा लागत नाही. गादी फक्त मध्ये. नव्या गाड्यांत सीटच्या कडेला एअरबॅग असते, त्या शिलाईवर काहीही गुंडाळायचं नाही. कव्हरसुद्धा त्यासाठी बनवलेलंच घ्यायचं.

मांडवीकाठ

आत्ता खाली जाऊन दाबून पाहिलं. सरकलं. पूर्ण खाली बसलं. हे मला खरंच माहीत नव्हतं. पण मग नव्या गाड्यांतच हा त्रास का? आमच्या जुन्या गाडीचं हेडरेस्ट डोक्याला कधी लागलंच नाही.

झुआरीपार

कारण जुन्या गाड्यांत ते मागे होतं, म्हणजे उपयोगाला कमी होतं. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून पुढच्या सीटना हेडरेस्ट सक्तीचं झालं, पण डोक्यापासून किती दूर चालेल याची मर्यादा नव्हती. २००४ च्या नियमाने ते अंतर जास्तीत जास्त ५५ मिलिमीटर ठरवलं. एकच सीट अनेक देशांत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत बसते, म्हणून तिकडच्या नियमाचा झुकाव इकडेही आला. साब आणि व्होल्वो या कंपन्यांनी १९९७-९८ मध्येच धडकेच्या क्षणी डोक्याला आधार देणाऱ्या सीट काढल्या होत्या. साबच्या सीटमध्ये एरवी हेडरेस्ट मागे, धक्का बसला की पुढे. तसं सगळीकडे आलं असतं तर आज हा वाद झाला नसता.

घरी मोजायचं असेल तर सोपं आहे. हेडरेस्टचं वरचं टोक आपल्या टाळूपेक्षा ६ सेंटिमीटरहून खाली नको आणि डोक्यामागची पोकळी ७ सेंटिमीटरहून जास्त नको. चार बोटं आडवी धरली की साधारण तेवढं होतं.

मोपा_भाडं

मी टॅक्सी चालवतो, मोपा विमानतळाची भाडी. पाहुणे विमानातली घोड्याच्या नालेसारखी उशी गळ्यात घालून मागे बसतात आणि झोपतात. तिची मागची बाजू जाड असली की डोकं आणखी पुढे जातं. मी त्यांना ती फिरवून हनुवटीखाली घ्यायला सांगतो.

आमच्यातले काही जण मागचं नीट दिसावं म्हणून मागच्या सीटची हेडरेस्ट काढून डिकीत टाकतात. मी टाकत नाही. रिकामं असताना खाली दाबतो, भाडं बसलं की वर करतो. आणि काच फोडायला म्हणून हेडरेस्ट सुटं दिलेलं असतं असा एक मेसेज पावसाळ्यात फिरतो. ते खोटं आहे. ते निघतं कारण वर-खाली करायची सोय आहे. काच फोडायला वेगळी हातोडी मिळते, ती ठेवा.

काजूबाग

खाचेचा मुद्दा मान्य. माझंही सरकतं, आज तपासलं. अबोलीताई, तुमचं लिहिणं वाचून आईच्या बाजूचं हेडरेस्ट मी परत सरळ लावलं आणि तिच्या कमरेला उशी दिली. ती म्हणाली, "आता बरं वाटतं." तेवढं मी इथे प्रामाणिकपणे लिहितो.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. पुढे-मागे झुकवता येणारं हेडरेस्ट महागड्या गाड्यांत मिळतं, म्हणजे ते बनवता येतं. मग साध्या गाडीत का नको? पंचा, गादी, वेणी, सगळी तडजोड गिऱ्हाइकानेच करायची. माझी मान आखूड आहे, पाठ दोन खाचा मागे घेऊनही रेटतं. माझ्या सीटचं उलटंच राहील.

फोंडा_कुशन

उलटं ठेवू नका, मी पुन्हा सांगतो. गादी न शिवताच एकदा येऊन बसून बघा. पैसे नकोत.

मांडवीकाठ

सरळ लावलं. पाठ एक खाच मागे, कमरेला पंचा. आज पर्वरीत चाळीस मिनिटं उभा होतो. ओढ गेली नाही, पण कमी आहे, आणि हनुवटी वर आहे. मेव्हण्यांना फोन करून सांगितलं.

मला खांद्याची गादी करून हवी आहे. रविवारी फोंड्याला आलो तर चालेल का? येताना काय मापं घेऊन येऊ?

फोंडा_कुशन

मापं नकोत, माणसं आणा. गाडी वहिनीही चालवतात ना? मग दोघं या. त्यांना रोज बांधतात तसेच केस बांधून यायला सांगा. गादी काढ-घाल करता येईल अशी पट्ट्यांवर शिवू, म्हणजे दोघांची उंची वेगवेगळी लावता येईल. दहाच्या आधी या, नंतर बाजाराची गर्दी होते.