त्रिनिदाद आणि टोबॅगो: आई-वडिलांसह आठवडाभराच्या सहलीत काय पाहावे?

हडसनकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझे आई-वडील सध्या नाशिकहून आमच्याकडे आले असून, मार्चअखेरीस मुलांच्या शाळेला सुट्टी लागली की सर्वांनी मिळून आठवडाभर कॅरिबियन बेटांवर जावे असे आम्ही ठरवत आहोत. न्यूयॉर्कहून थेट विमान आणि सुमारे पाच तासांचा प्रवास एवढ्या कारणासाठी त्रिनिदाद आणि टोबॅगो हा देश मनात आला. अडचण अशी की बाबांनी सत्तरी ओलांडली असून समुद्रात उतरण्याची त्यांना मुळीच हौस नाही, त्यामुळे नुसते वाळूत बसवले तर ते दुसऱ्याच दिवशी परतीच्या विमानाची चौकशी करू लागतील. आई पूर्ण शाकाहारी आहे. मुलांना मात्र पाण्याशिवाय दुसरे काही सुचत नाही. एका प्रवाससंस्थेने आम्हाला असे सांगितले की त्रिनिदादमध्ये पाहण्यासारखे काही नाही, विमानतळावरूनच थेट टोबॅगोला जावे. हे कितपत खरे आहे? दोन्ही बेटे जोडून करायची झाली तर दिवसांची विभागणी कशी करावी?

उत्तररांग

नोकरीनिमित्त मी काही वर्षे पोर्ट ऑफ स्पेन या त्रिनिदादमधील राजधानीत राहिलो आहे, त्यामुळे प्रवाससंस्थेचे ते म्हणणे मला अजिबात मान्य नाही. त्रिनिदाद हे तेल आणि वायूवर चालणारे बेट आहे, पर्यटकांच्या पैशावर जगणारे नव्हे. म्हणून तेथे कोणी तुमच्या स्वागताला पेयाचे पेले घेऊन उभे राहत नाही. आपल्या लोकांना पाहण्याजोगे मात्र या समुद्रात इतके अन्य कोठेही नाही.

सुरुवात मध्य त्रिनिदादमधील वॉटरलू या गावापासून करावी. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज भारतीय मजुरांची पहिली तुकडी घेऊन या बेटावर आले आणि १९१७पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसे उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून आणली गेली. त्यांतील बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून आलेली, आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारकडची होती. वॉटरलूच्या किनाऱ्यावर सिवदास साधू या मजुराने १९४७ च्या सुमारास एक लहानसे देऊळ बांधले, पण जागा साखर कंपनीची असल्यामुळे ते पाडण्यात आले आणि त्याला दंड व तुरुंगवास झाला. सुटून आल्यावर त्याने जमिनीचा नादच सोडला. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलात, सायकलवरून आणि बादल्यांतून दगडमाती वाहून नेत, त्याने वर्षानुवर्षे भर घातली आणि समुद्रातच देऊळ उभे केले. पुढे लाटांनी ते खचले. आज दिसणारी वास्तू भारतीयांच्या आगमनाला १५० वर्षे झाली त्या सुमारास, म्हणजे १९९५ मध्ये, नव्याने उभारली गेली. किनाऱ्यापासून देवळापर्यंत पक्की वाट असल्याने आई-बाबांना चालण्याचा त्रास होणार नाही. शेजारीच स्मशानभूमी आहे आणि तेथे खुल्या चितेवर अंत्यसंस्कार होतात, याची मुलांना आधी कल्पना द्यावी.

तेथून थोड्याच अंतरावर, कारापिचायमा येथे, ८५ फूट उंचीची हनुमानाची मूर्ती आणि दत्तात्रेयाचे देऊळ आहे. तुमच्या घरी दत्तभक्ती असेल तर आईंना तेथून लवकर निघण्याचा आग्रह करू नका.

दुपारी याच बाजूने परतताना कारोनीच्या खाजणात चारच्या सुमारास सुटणारी होडी पकडावी. ही रुंद, सपाट तळाची होडी तिवरांच्या कालव्यांतून संथपणे जाते आणि नावाडी डोक्यावरच्या फांदीवर वेटोळे घालून निजलेला बोआ साप बोटाने दाखवतो. तो दाखवूनही बराच वेळ दिसत नाही. त्यानंतर होडी मोकळ्या पाण्यात येऊन एका बेटापासून दूर थांबते. सूर्य कलू लागला की लाल शराटी, म्हणजे स्कार्लेट आयबिस, दहा-पंधरांच्या थव्यांनी येऊन तिवरांवर उतरू लागतात आणि बघता बघता हिरवे झाड लाल होते. हा त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी आहे. त्याची पिल्ले करड्या-तपकिरी रंगाची असतात. खेकडे आणि कोळंबी खाऊन त्यांतील रंगद्रव्य अंगात भिनत जाते तसा त्यांना हा लाल रंग येतो. दुर्बीण, डास पळवणारे मलम आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी. होडीवर स्वच्छतागृह नसते, हे ज्येष्ठांच्या दृष्टीने आधीच सांगून ठेवलेले बरे.

एक पूर्ण दिवस हाताशी असेल तर नैर्ऋत्येकडील ला ब्रेआ येथील डांबराचे तळे पाहावे. सुमारे ४० हेक्टरांवर पसरलेला हा नैसर्गिक डांबराचा जगातील सर्वांत मोठा साठा आहे. १५९५ मध्ये वॉल्टर रॅलेने आपल्या जहाजांच्या फटी बुजवण्यासाठी येथलेच डांबर वापरले होते. पृष्ठभागावरून चालता येते, पण कोठे पाय रुतेल हे वाटाड्यालाच कळते, म्हणून तेथील अधिकृत वाटाड्याशिवाय आत जाऊ नये. प्रथमदर्शनी ते उखडलेल्या वाहनतळासारखे दिसते, हेही कबूल केले पाहिजे. बाबा अभियंते असतील तर रमतील, नाहीतर हा दिवस वगळला तरी चालेल.

देवराई

वरील प्रतिसादातील माहिती उत्तम आहे, परंतु मुलांची बाजू त्यात राहून गेली आहे. आठवड्यातील तीन रात्री त्रिनिदादला आणि उरलेल्या सर्व टोबॅगोला अशी विभागणी मी सुचवेन, आणि क्रमही हाच ठेवावा. आधी टोबॅगोला जाऊन सुस्तावलेली मुले नंतर त्रिनिदादच्या वाहतूक कोंडीत अत्यंत चिडचिड करतात.

दोन बेटांमधला विमानप्रवास सुमारे पंचवीस मिनिटांचा आहे. बोट स्वस्त पडते, पण तिला काही तास लागतात आणि समुद्र खवळलेला असला की अर्धी बोट पिशव्या तोंडाशी धरून बसलेली असते. ज्येष्ठांना घेऊन जाताना विमानच बरे. शुक्रवार-रविवारची तिकिटे स्थानिक लोकच आधी घेऊन टाकतात, म्हणून आरक्षण लवकर करावे.

टोबॅगोत पिजन पॉइंट किंवा स्टोअर बे येथून काचेच्या तळाच्या होड्या बुक्कू प्रवाळखडकाकडे जातात. त्यातील मुख्य आकर्षण म्हणजे ‘नायलॉन पूल’ (हा इंग्रजी ‘पूल’, म्हणजे डोह, सेतू नव्हे). किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर, भर समुद्रात, पांढऱ्या वाळूचा एक उथळ पट्टा आहे आणि तेथे पाणी जेमतेम कमरेपर्यंत येते. पोहता न येणाऱ्या माणसालाही तेथे उतरता येते, त्यामुळे तुमच्या वडिलांचा निश्चय कदाचित तेथेच मोडेल. प्रवाळाची मात्र फार अपेक्षा ठेवू नये, कारण बुक्कूच्या खडकाची वर्षानुवर्षांच्या वर्दळीने आणि तापलेल्या पाण्याने पुष्कळ हानी झाली आहे. चांगले प्रवाळ पाहायचे असेल तर बेटाच्या दुसऱ्या टोकाला स्पेसाइडपर्यंत जावे लागते. रस्ता वळणावळणाचा आहे, तेव्हा गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊन निघावे.

माझ्या मते टोबॅगोतील सर्वांत मोलाची गोष्ट समुद्रात नसून डोंगरावर आहे. बेटाच्या कण्यावरील मेन रिज हे जंगल १३ एप्रिल १७७६ रोजी कायद्याने राखीव करण्यात आले आणि पश्चिम गोलार्धातील हे सर्वांत जुने संरक्षित जंगल मानले जाते. बेटावर सर्वत्र उसासाठी तोड चालू असताना हा कायदा झाला, हे विशेष. झाडे गेली तर पाऊस जाईल, हा स्टीफन हेल्स या शास्त्रज्ञाचा विचार ब्रिटिश संसद सदस्य सोम जेनिन्स यांना पटला होता आणि त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा करून तो कायद्यात आणला. जंगल पावसासाठी राखायचे असा त्यामागचा स्पष्ट हेतू होता. आज तेथील गिल्पिन ट्रेस या पायवाटेवर वाटाड्यासह हिंडता येते. वाट कोरड्या ऋतूतही चिखलाची असते, म्हणून सुरुवातीलाच भाड्याने मिळणारे रबरी बूट अवश्य घ्यावेत. आई-बाबांनी पूर्ण वाट चालण्याची गरज नाही. पहिल्या थोड्याशा टप्प्यातही गुंजन पक्षी, म्हणजे हमिंगबर्ड, दिसतात.

समुद्रकिनाऱ्यांवर काही ठिकाणी मँचिनील नावाचे झाड आढळते. त्याचे हिरवे, सफरचंदासारखे फळ विषारी असते आणि चीक अंगाला लागला तर फोड येतात. पावसात त्या झाडाखाली उभे राहू नये आणि मुलांना खाली पडलेली फळे उचलू देऊ नयेत.

हडसनकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तीन रात्री आणि उरलेला मुक्काम ही विभागणी घरात सर्वांना पसंत पडली. आता दोन शंका आहेत. पहिली आईच्या जेवणाची. दुसरी सुरक्षिततेची, कारण बातम्यांमध्ये त्रिनिदादबद्दल जे वाचनात येते त्याने पत्नी धास्तावली आहे. आणखी एक, बाबांनी ‘पोर्ट ऑफ स्पेन’ हे नाव ऐकताच क्रिकेटचे मैदान पाहता येईल का असे विचारले आहे. त्यांच्या आवाजातील उत्साह पाहता ही तिसरी शंका पहिल्या क्रमांकावर घ्यावी लागेल असे दिसते.

चिंचगूळ

जेवणाची काळजी त्रिनिदादपुरती तरी पूर्णपणे सोडून द्यावी. सकाळी रस्त्याच्या कडेला छत्रीखाली ‘डबल्स’ विकणारे उभे असतात. हळद घातलेल्या मैद्याचे दोन मऊ तळलेले ‘बारा’, त्यांवर रसदार छोले, काकडी, चिंचेची चटणी आणि कोथिंबिरीच्या वासाची शॅडो बेनी, हे सर्व कागदात गुंडाळून एका झटक्यात हातात येते. खाताना ते सांडतेच, त्याला इलाज नाही. विक्रेता तिखट किती असे विचारील तेव्हा ‘स्लाइट’ म्हणावे, कारण तेथील मिरची आपल्या लवंगी मिरचीला मागे टाकते. ‘सहीना’ हा पदार्थ आईंना हमखास आवडेल. अळूच्या जातीची पाने डाळीच्या पिठात घोळून तळलेला हा प्रकार आपल्या अळूवडीचा समुद्रापलीकडचा भाऊच आहे. रोटीच्या दुकानात डाळ भरलेली ‘दालपुरी’, भोपळ्याची भाजी, चवळीच्या शेंगा आणि भाजलेल्या वांग्याचा ‘चोखा’ मिळतो. त्याच दुकानात मटण आणि कोंबडीही शिजत असल्याने डाव वेगळा वापरावा, असे आधीच सांगावे.

टोबॅगोत मात्र खेकडा आणि मासे यांचे राज्य आहे. कॅलालू हे पालेभाजीचे कालवण शाकाहारी वाटते, पण त्यात अनेकदा खेकडा किंवा खारवलेले मांस असते. रास्ताफारी या कॅरिबियन धर्मपंथाच्या मंडळींच्या ‘आयटल’ खानावळी शोधाव्यात, कारण तेथे मांस मुळीच शिजत नाही. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर प्रश्नच मिटला. पीठ, डाळ आणि भाज्या त्रिनिदादमध्येच खरेदी करून पुढे न्याव्यात.

उत्तररांग

सुरक्षिततेबद्दल गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. टोळीयुद्धांमुळे त्रिनिदादमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली होती. तिकिटे काढण्यापूर्वी अमेरिकी परराष्ट्र खात्याची आणि भारतीय उच्चायुक्तालयाची ताजी सूचना वाचावी आणि परिस्थिती बिघडलेली असेल तर तारखा निःसंकोच पुढे ढकलाव्यात. एरवी नेहमीच्या शहाणपणाने वागले की पुरते: अंधार पडल्यावर राजधानीच्या मध्यभागात पायी हिंडू नये, दागिने घरी ठेवावेत आणि हॉटेलने बोलावलेल्या ओळखीच्या चालकाबरोबरच फिरावे. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, परंतु अमेरिकेत गाडी चालवण्याची सवय झालेल्या माणसाने पहिल्या दिवशी तरी चालक ठेवावा.

लष्करी छापाचे कपडे, म्हणजे हिरव्या-खाकी ठिपक्यांची चड्डी किंवा टोपी, सामान्य नागरिकांनी घालणे त्या देशात बेकायदा आहे आणि त्यात लहान मुलांनाही सूट नाही. तुमच्या मुलाच्या बॅगेत असे काही आहे का ते निघण्यापूर्वी एकदा तपासावे. त्रिनिदादच्या मराकास किनाऱ्यावर पाण्याची ओढ जोरदार असते, म्हणून तेथे लाल बावटा असेल तेव्हा पाण्यात उतरूच नये.

स्लिपमधला

क्वीन्स पार्क ओव्हल पाहिल्याशिवाय तुमचे वडील परत आले तर त्यांनी ही सहल केलीच नाही असे मी समजेन. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने याच मैदानावर ७ गडी राखून वेस्ट इंडीजवर भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला. गोव्यात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंचे शतक त्याच सामन्यातले, आणि पदार्पण करणाऱ्या सुनील गावसकरांच्या ६५ आणि नाबाद ६७ धावाही त्याच सामन्यातल्या. मालिकेतील शेवटचा सामनाही येथेच झाला. त्यात दाढदुखीने हैराण झालेल्या गावसकरांनी १२४ आणि २२० धावा केल्या आणि चार कसोटींत ७७४ धावांचा डोंगर रचला. पुढे १९७६ मध्ये भारताने चौथ्या डावात ४ बाद ४०६ धावा करून सामना जिंकला तोही याच खेळपट्टीवर. मैदान एका खासगी क्लबच्या मालकीचे आहे. सामना नसेल त्या दिवशी आत जाण्यासाठी क्लबला आधी ईमेल पाठवावा आणि त्यात १९७१ चा उल्लेख जरूर करावा. बाबांना उत्तरेकडील डोंगर समोर दिसतील अशा जागी बसवावे.

देवराई

एक राहिले. मार्चअखेरीस लेदरबॅक कासवे अंडी घालण्यासाठी त्रिनिदादच्या मातुरा किनाऱ्यावर येऊ लागतात. वेळासला ऑलिव्ह रिडले पाहिली असतील तर हे प्राणी तुम्हाला अवाढव्य वाटतील, कारण त्यांचे वजन ३०० किलोंच्या वर जाते. १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात परवान्याशिवाय त्या किनाऱ्यावर जाता येत नाही, म्हणून स्थानिक वाटाड्यामार्फत परवाना आधीच काढावा. खऱ्या गर्दीचा हंगाम एप्रिल ते जून असतो, त्यामुळे तुमच्या तारखांना कासव दिसेलच असे नाही आणि मध्यरात्रीपर्यंत ताटकळावे लागू शकते. आई-बाबांना हॉटेलवर ठेवून मुलांना न्यावे, पांढरा प्रकाश पडणारे दिवे आणि भ्रमणध्वनी बंद ठेवावेत आणि वाटाड्याने त्याचा लाल दिवा लावून बोलावल्यावरच जवळ जावे.