स्काउटच्या ऑनलाइन ट्रेनिंगचं सर्टिफिकेट निघेना, शनिवारच्या आत मदत हवी

दुधनाकाठ
तीन रात्री जागून सगळे व्हिडिओ बघितले. शेवटचे प्रश्न पण पास झालो. आता सर्टिफिकेटच्या पानावर पिन कोड घेईना. टाकला की लाल अक्षरं. बायकोच्या मोबाइलवरून केलं, पुतण्याच्या लॅपटॉपवर केलं, तेच. हेडसर म्हणाले शनिवारपर्यंत कागद आणा, नाहीतर १५ ऑगस्टला पोरं नुसती बघत उभी राहतील. जाणकारांनी लवकर सांगावं. आमच्याकडं लाइट रात्री अकराला येते, तेव्हाच बघता येतं.

क्रोमवाला
कॅशे साफ करा. मग तीन टिंबांवर जाऊन डेस्कटॉप साइट ऑन करा. नव्वद टक्के सरकारी पोर्टलं तिथंच अडतात.

संघनायक७८
कॅशे नंतर बघू. आधी सांगा, ट्रेनिंग कुणाचं? भारत स्काउट्स आणि गाईड्सचं की दुसऱ्या कुणाचं? कबचं, म्हणजे दहाच्या आतल्या पोरांचं, की स्काउटचं? पोरं केवढी आहेत? तुम्ही शिक्षक आहात का?

दुधनाकाठ
स्काउटचंच आहे ओ. शिक्षक नाही, शेती आहे. गावच्या शाळेत पोरांना जमवतो. कॅशे साफ केला, आता तर लॉगिनच परत मागायलंय.

रेल्वेची_वाट
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. रेल्वे भरतीत स्काउट-गाईड कोटा असतो ना? माझा भाचा बारावीला आहे, त्याला आता घातलं तर चालेल का?

परभणीचा_पाहुणा
सेलू भागात असाल तर एनसीसीच्या ऑफिसला विचारा. माझे साडू एएनओ, म्हणजे शाळेतले एनसीसी अधिकारी आहेत, कामठीला ट्रेनिंग केलं त्यांनी. एक नंबर व्यवस्था.

वैतागलेली_गाईड
एनसीसीचा इथं काय संबंध? त्यांनी स्काउट विचारलंय.

परभणीचा_पाहुणा
ताई, परेड तर दोन्हीकडं असते.

संघनायक७८
माझं स्पष्ट मत, ऑनलाइनवर स्काउट मास्तर होत नसतो. आमचा बेसिक कोर्स सात दिवसांचा. पहिल्या रात्री पाऊस आला आणि तंबूच्या भोवती चर खणला नव्हता म्हणून आम्ही आठ जण अंथरुणं डोक्यावर घेऊन शाळेच्या व्हरांड्यात पळालो. तो चर अजून विसरलो नाही. पुढं पचमढीला हिमालय वुड बॅज, म्हणजे स्काउट मास्तरांचं वरचं ट्रेनिंग केलं, लाकडाचे दोन मणी मिळाले. १९१९ला इंग्लंडात गिलवेल पार्कला पहिला वुड बॅज कोर्स झाला, तेव्हापासून हे माणसानं माणसाला शिकवत आलेलं आहे. व्हिडिओ बघून गाठ येत नाही. रीफ नॉटला उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा तेच केलं की झाली ग्रॅनी गाठ, ती सुटणारच.

वैतागलेली_गाईड
सर, सगळ्यांना सात दिवस कुठून मिळणार? त्यांची शेती आहे, सोयाबीनची कोळपणी तोंडावर आहे. पहिली ओळख घरी बसून झाली तर बिघडलं कुठं? आणि रीफ नॉटचं कौतुक पुरे. बँडेजला ठीक आहे, सपाट बसते. दोन दोर जोडायला, त्यातही एक जाड एक बारीक असेल तर शीट बेंड गाठच लागते.

संघनायक७८
मी दोर जोडायचं कुठं म्हणालो?

दुधनाकाठ
गाठी येतात मला. कासऱ्याच्या आणि दाव्याच्या लहानपणापासून बांधायलोय. खुंट्याला जनावर बांधतो तीच तुमची क्लोव्ह हिच, हे परवा व्हिडिओ बघून कळलं. पिन कोडचं बघा की कुणीतरी.

क्रोमवाला
स्क्रीनशॉट टाका.

दुधनाकाठ
फोटो चढत नाही, रेंज नाही. लिहितो. वरती पद विचारलंय, तिथं यादीत स्काउट मास्टर होतं पण पोरं लहान वाटली म्हणून 'डेन लीडर' निवडलं. मग 'कौन्सिल' म्हणून यादी आहे. त्यात परभणी नाही, संभाजीनगर नाही, महाराष्ट्र पण दिसला नाही. पिन कोडला पाच आकडे झाले की पुढं लिहूच देत नाही. आपला तर सहा आकडी. शेवटचा आकडा सोडून टाकला तर चुकीचा म्हणतंय.

वैतागलेली_गाईड
थांबा थांबा. पाच आकडी? डेन? आपल्याकडं कबांच्या छोट्या गटाला सिक्स म्हणतात, डेन नाही. दादा, ही लिंक कुठून आली तुम्हाला?

दुधनाकाठ
मेहुण्यानं पाठवली. तो डॅलसला आहे, त्याचा पोरगा तिथं स्काउटमध्ये आहे. त्यात काय सांगायचं, स्काउट म्हणजे स्काउट.

क्रोमवाला
🤦

वैतागलेली_गाईड
दादा, ही अमेरिकेची संस्था. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका, २०२५पासून स्काउटिंग अमेरिका. ते मागतात तो झिप कोड, पाचच आकडी असतो. आपल्या शाळेत तो कागद चालणार नाही. आपली भारत स्काउट्स आणि गाईड्स ही वेगळी संस्था, ७ नोव्हेंबर १९५०ला झाली.

संघनायक७८
म्हणून पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं, ट्रेनिंग कुणाचं.

दुधनाकाठ
तीन रात्री गेल्या ओ. सबटायटल वाचून वाचून डोळे आले.

वैतागलेली_गाईड
वाया नाही गेल्या. त्यात मुलांच्या सुरक्षेचा भाग बघितला असेल. कुठल्याही मुलाबरोबर मोठ्या माणसानं एकटं राहायचं नाही, कायम दोन मोठी माणसं हवीत. ते इथंही पाळा. आपल्याकडं पोक्सो कायदा २०१२चा आहे, अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर तक्रार करणं बंधनकारक आहे, गप्प बसणाऱ्यालाही शिक्षा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवा. आता पोरांची वयं सांगा, सरांनी आधीच विचारलंय.

दुधनाकाठ
आठवी-नववीची. पोरं चौदा, पोरी नऊ.

संघनायक७८
आठवी-नववीची पोरं लहान कशी वाटली तुम्हाला? दहा ते सतरा म्हणजे स्काउट. कब दहाच्या आतले. चौदा पोरांचे दोन संघ करा, सात-सात, प्रत्येकाला एक संघनायक. पोरींचं गाईड पथक वेगळं, आणि त्याला गाईड कॅप्टन म्हणून बाईच लागते.

दुधनाकाठ
बायकोला विचारलं. म्हणली, तुम्ही रात्रभर इंग्रजी बघत बसणार असाल तर मी पण शिकते.

वैतागलेली_गाईड
झालं की मग. वहिनींना घेऊन जिल्ह्याच्या स्काउट-गाईड कार्यालयात जा. हेडसरांचं पत्र, दोघांचे आधार, फोटो न्या. आधी बिगिनर्स कोर्स, एका दिवसाचा. मग पथक चालवा, मग सात दिवसांचा बेसिक. शाळेच्या नावानं पथक काढायचं की गावाचं ओपन ग्रुप, हे हेडसरांशी आधी बोलून घ्या. पुढच्या भांडणाचं मूळ तेच असतं.

संघनायक७८
बेसिकला जाताना बारीक दोर घेऊन जा. कासरा नको, त्याची गाठ बसलेली दिसत नाही. आणि १५ ऑगस्टला स्कार्फशिवाय उभी राहिली पोरं तरी काही बिघडत नाही. झेंड्याचा दोर त्यांना बांधायला द्या.

रेल्वेची_वाट
माझ्या भाच्याचं राहिलंच.

वैतागलेली_गाईड
राष्ट्रपती स्काउट पुरस्कार किंवा हिमालय वुड बॅज लागतो, शिवाय काही वर्षं संस्थेत काम केलेलं लागतं. बारावीला घालून या भरतीला नाही होणार.

दुधनाकाठ
गुरुवारी जाऊन आलो. दोघांचेही अर्ज घेतले, बिगिनर्सची तारीख फोनवर कळवतो म्हणाले. हेडसरांना अर्जाची पोच दाखवली, तेवढ्यावर हो म्हणाले. अर्जात पिन कोडचे सहा चौकोन होते, पहिले तेच मोजले. मेहुणा विचारायलाय सर्टिफिकेट मिळालं का, त्याला काय सांगू?

परभणीचा_पाहुणा
सांगा एनसीसीला लावलं.