मदत हवी आहे: घरच्या बिअर डिस्पेन्सरला नुसता फेस, गारवा नाही

राजारामपुरीकर:
मंडळी, अर्जंट आहे. घरी पाच लिटरच्या डब्याचं डिस्पेन्सर आहे. बिअर गार होईना, ग्लासात पाऊण फेस. आत पेल्टियर १२७०६ आहे (वीज दिली की एक बाजू गार, दुसरी गरम होणारी चकती), ते काढून मोठं १२७१० टाकणार, आणलंय पण. वायरिंग कुणी केलंय काय? शनिवारी आमची दहावीची जुनी बॅच येणार आहे. गूगल कर म्हणून सांगू नका, करून झालंय.

सोडावॉटर:
गार होईना म्हणजे किती? मोजलंस काय? दाब किती? डबा कुठनं आणतोस?

नियमावली:
आधी पिण्याचा परवाना आहे का ते सांगा. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं. घरी बनवत असाल तर १९४९च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही.

राजारामपुरीकर:
परवाना आहे ओ. विकतची बिअर आहे. विषय फेसाचा आहे. ग्लासातली मोजली, १४ अंश. दाब १२ पीएसआय होता, फेस येतोय म्हणून ६ वर आणला. तर आणखीनच वाढला.

सोडावॉटर:
मग वाढणारच की. आमचा आजोबांपासून सोड्याचा धंदा. पाणी गार असलं तरच गॅस धरतंय, कोमट पाण्यात कितीबी मार, उघडलं की फुस्स. बिअरचं तेच. ४ अंशाला १२ पीएसआय पुरतात, १४ला तोच गॅस धरायला वीसच्या वर लागतील. तू ६ वर आणलास, मग गॅस नळीतच सुटतोय आणि तुझ्या ग्लासात फेस होऊनच येतोय.

करवीर२२:
म्हणजे दाब २२ करायचा. सोपं आहे.

सोडावॉटर:
कर आणि तोंड बाजूला घे. वीतभर नळीतनं २२ नं सोडलीस तर फवारा उडेल. आधी गार कर, दाबाला हात नंतर.

उद्यमनगर_लेथ:
ते १२७१० अजिबात टाकू नको. १२७०६ कमाल ६ अँपिअर ओढतं, ते १० ओढेल. आतला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारं सर्किट, तेवढा करंट द्यायचा नाही. दिला तरी गरम बाजूची उष्णता त्याच इवल्या हीटसिंकनं टाकायची, मग गार बाजूसुद्धा तापते. हिशोब बघ: ५ लिटर ३० वरून ४ वर आणायला साधारण ५४० किलोज्यूल काढावे लागतात. मॉड्यूल खरी १५ वॉट उष्णता ओढत असेल तर १० तास, तेही बाहेरून काही आत येत नाही असं धरून. आणि खोलीपेक्षा वीसेक अंशांच्या खाली ही यंत्रं जातच नाहीत. फॅनचं तोंड कुठं आहे?

बल्ककूलर:
पेल्टियर हे खेळणं आहे. आमच्या दूध संस्थेत धारेचं दूध ४ अंशावर येतं ते कॉम्प्रेसरवर. जुना फ्रिज घे, दाराला भोक पाड, नळ बाहेर काढ.

उद्यमनगर_लेथ:
शनिवारपर्यंत? आणि भोक दारालाच पाड हां भावा. बाजूला पाडलंस तर बऱ्याच फ्रिजांत तिथंच गॅसची नळी असते.

बल्ककूलर:
मी दारालाच म्हटलंय. वाचत जा.

पुणेकर_पण_पाहुणा:
बाटल्या बर्फात घालून द्या, इतका खटाटोप कशाला? बाकी पांढऱ्या रश्श्याबरोबर कुठली बिअर चांगली लागते?

करवीर२२:
पांढऱ्यावर बिअर? नाद सोडा. पांढरा नुसता प्यायचा असतो.

राजारामपुरीकर:
रश्श्याचा वेगळा धागा काढा. फॅन मागच्या बाजूला आहे. डिस्पेन्सर शोकेसमध्ये बसवलंय, सुताराकडनं खास कप्पा करून घेतलाय. मागं प्लाय. दिसायला लै भारी दिसतंय.

उद्यमनगर_लेथ:
झालं! फॅन स्वतःचीच गरम हवा परत ओढतोय. खोली ३४ असेल तर तुझ्या कप्प्यात ४० असेल. हे पहिल्यांदा सांगायचं होतं राव.

सोडावॉटर:
आणि डबा कुठनं आणतोस ते अजून सांगितलं नाहीस.

राजारामपुरीकर:
पुण्याहून. डिकीत. आलो की लगेच लावतो, गार करायला मशीन आहेच की.

सोडावॉटर:
कराडच्या पुढं रस्ता कसा आहे माहीत आहे ना? सव्वादोनशे किलोमीटर घुसळलेला डबा तासाभरात उघडतोस! घरच्या फ्रिजमध्ये पुरा एक दिवस उभा ठेव. मशीन फक्त गारवा टिकवायला. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवत असशील तर तेही बंद, बर्फ धरलेल्या ग्लासात फेस जास्त होतो. नुसत्या गार पाण्यानं विसळ, तिरपा धर, नळ पुरा उघड. अर्धा उघडून हळूहळू सोडलीस की परत फेस.

नियमावली:
परवाना वर्षाचा आहे की आजीवन?

राजारामपुरीकर:
शुक्रवार रात्र. कप्प्यातनं काढून टेबलावर ठेवलं, मागं हातभर जागा. फॅनच्या जाळीतनं मूठभर धूळ निघाली. डबा कालपासनं फ्रिजमध्ये होता, बायकोनं भाजी कुठं ठेवू म्हणून दोनदा विचारलं. दाब १२. आत्ता मोजली, ६ अंश. दुसऱ्या ग्लासापासनं वर दोन बोटं फेस, झकास. पहिला ग्लास मात्र अजून फेसच येतोय.

सोडावॉटर:
नळ आणि नळीचा तुकडा बाहेर तापलेला असतो, त्यामुळं पहिला तसाच येणार. लागोपाठ भर, मध्ये गप्पा मारत बसू नको.

करवीर२२:
ते १२७१० आता लागणार नसेल तर कितीला देणार?