शीतलच ठेवा, पण दोन 'ई' लावून

मुलीसाठी 'शीतल' आवडलंय, पण 'हे तर मुलाचंही नाव' असं घरचे म्हणतात आणि स्पेलिंगही ठरत नाहीये, असं तुम्ही लिहिलंय. माझंच नाव शीतल आहे, म्हणून राहवलं नाही.

घरच्यांचं खरं आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांत शीतल हे पुरुषांचं नाव सर्रास असतं. दहावे तीर्थंकर शीतलनाथ. शाळेत हजेरीपटावर मी एक वर्ष मुलांच्या यादीत होते. पण त्याने बिघडलं काहीच नाही. मराठीत 'शीतल आली' म्हटलं की प्रश्न मिटतोच. किरण, सुमन ही नावंही अशीच दोघांची आहेत की!

स्पेलिंगचं मात्र आताच पक्कं करा. आपल्याकडे पुष्कळ जणी एस-एच-आय-टी-ए-एल लिहितात. माझंही तसंच होतं. परदेशी सहकाऱ्यांसमोर पहिली चार अक्षरं वाचली जाताना फार वाईट वाटायचं. एस-एच-डबल ई-टी-ए-एल लिहा, उच्चारही दीर्घ 'शी'चाच होतो. पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये २०२४ साली कांस्य जिंकणारी तिरंदाज शीतल देवीही असंच लिहिते.

घाई नको. जन्मनोंदणी २१ दिवसांत करायची असते, पण नाव नंतर, वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. दाखला हाती आला की देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं तिथेच तपासा. माझं पुढे आधार, पासपोर्ट सगळीकडे बदलताना फार दमछाक झाली.