विषय: रहाडीबद्दल मी लिहिलेली ओळ

मंडळी, नमस्कार.

सध्या आईकडे पंचवटीत आहे. रंगपंचमीच्या कार्यक्रमाचं ठरत होतं तेव्हा काकांनी इथे आपल्या गटात नाशिकच्या तिवंधा चौकातल्या रहाडीची, म्हणजे रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात त्या जमिनीतल्या हौदाची, आठवण लिहिली होती. त्यावर मी लिहिलं, "पाण्याची एवढी नासाडी, त्याचं कसलं कौतुक?" ना नमस्कार, ना 'काका'. समोर बसून बोलले असते तर 'अहो काका, पण पाण्याचं काय हो?' असंच तोंडून आलं असतं. लिहिताना नेमके ते 'अहो' आणि 'हो' गळले.

त्यानंतर काकांनी इथे एक अक्षर लिहिलेलं नाही. मी त्यांना एकट्यांना 'वाईट वाटलं असेल तर सॉरी' असं कळवलं. आज तेही खटकतंय. 'असेल तर' कशाला? वाईट वाटलंच होतं. शिवाय लागेल असं बोलले सगळ्यांदेखत आणि माफी मागितली दाराआड.

काल तिवंध्यात गेले होते. रहाड कुठे आहे विचारलं, तर एक दुकानदार म्हणाले, "ताई, तुम्ही तिच्यावरच उभ्या आहात." साधा रस्ता, कडेला लावलेल्या दोन स्कूटर. खाली पेशवेकाळापासूनचा हौद, लाकडांनी झाकून वर माती टाकलेला. उघडतो तो रंगपंचमीलाच. एकदा भरला की शेकडो माणसं त्याच पाण्यात धप्पा मारतात, म्हणजे धपकन उडी घेतात. म्हणजे नासाडीचा हिशेबही मी न विचारताच मांडला होता.

काका, माझं चुकलं. माहिती नसताना बोलले आणि तुमच्या आठवणीवर बोलले. क्षमा करा.

समितीला एक विनंती. इंटरनेटवर कसं वागावं याची 'आरएफसी १८५५' नावाची नियमावली १९९५ साली निघाली. भावनेच्या भरातलं उत्तर रात्रभर थांबून पाठवा, असं तिच्यात सरळ लिहिलंय. नव्या सभासदांना पाठवायच्या स्वागतपत्रात एवढी ओळ घालूया का?

आपली,
पंचवटीहून

*

पोरी,

पत्र दोनदा वाचलं. राग आला होता, खोटं कशाला बोलू? पाण्याचा मुद्दा लागला नाही, 'कसलं कौतुक' लागलं. पहिला धप्पा मी वडिलांच्या पाठीवर बसून मारला होता. नाकातोंडात रंग गेला, रडायला लागलो, तर त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि पुन्हा पाठीवर घेतलं. लिहिताना तेच डोळ्यांसमोर होतं. तुला ते कुठून दिसणार?

पण माझंही चुकलंच. तुला फोन करून 'असं का गं लिहिलंस?' एवढं विचारायचं होतं. ते सोडून मी चौघांना फोन केले आणि 'आजकालच्या मुलांना काही सांगायची सोय नाही' असं तुझ्या माघारी बोललो. आज सकाळी त्या चौघांनाही फोन करून सांगितलं, की ते बोलणं मी मागे घेतो. ते तुझ्या कानावर आलं असेल-नसेल, म्हणून इथेच लिहितो.

पाण्याचं मात्र विचारत जा. दुष्काळाच्या साली आमच्या घरातही त्यावरून वाद व्हायचे. स्वागतपत्रातल्या ओळीला माझा होकार.

आईला नमस्कार सांग. आणि चौकात अजून फेरी झाली तर त्या दुकानदारांना एक विचार: रंग अजून फुलं उकळूनच करतात का? त्या वाफेचा वास मला अजून आठवतो.

काका